जमीन आरोग्य पत्रिकेत चुन्याचा रकाना घाला

प्रति,
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मुंबई.

महोदय,


जमीन आरोग्य पत्रिकेवर बारा आकडे छापलेले असतात. सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज आणि बोरॉन. महाराष्ट्रातल्या पत्रिकेवर 'मुक्त चुना' हा तेरावा रकाना असावा, एवढी एकच मागणी घेऊन हे पत्र लिहीत आहे. अर्ज करून फायलीत लावण्यापेक्षा ती जाहीरपणे मांडतो आहे. हा विषय मंत्रालयाचा आहे तितकाच गावच्या कृषी सहायकाचा, कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्याचा आणि पिवळ्या पडलेल्या पिकाच्या बांधावर उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याचाही आहे. त्यांनीही हे वाचावे.

माझे काम माती तपासण्याचे. पत्रिका हातात घेऊन शेतकरी येतात आणि विचारतात, "यात लोह पुरेसे लिहिलंय, मग ऊस पांढरा का पडला?" किंवा "स्फुरद कमी आहे म्हणून दोन वर्षे डीएपी वाढवून टाकला, तरी पुन्हा कमीच कसा?" उत्तर बहुतेक वेळा त्यांच्या जमिनीतल्या चुन्यात असते आणि त्या चुन्याचा पत्रिकेवर उल्लेखही नसतो.

पत्रिकेची योजना चांगली आहे, हे आधी मोकळेपणाने म्हणतो. 19 फेब्रुवारी 2015 रोजी राजस्थानातल्या सुरतगढ येथे ती सुरू झाली. माती तपासून मगच खत द्यायचे, ही गोष्ट तोवर कृषी विद्यापीठांच्या मेळाव्यांत बोलली जात होती, ती या योजनेने घराघरांत नेली. अडचण एवढीच की पत्रिका साऱ्या देशाची एक. पंजाबातल्या गाळाच्या जमिनीला, केरळातल्या आम्लधर्मी जमिनीला आणि सोलापूरच्या काळ्या जमिनीला तेच बारा प्रश्न विचारले जातात. आपल्या राज्याचा मोठा भाग बसाल्टच्या काळ्या दगडावर वसलेला आहे आणि या दगडापासून झालेल्या मातीला आणखी एक प्रश्न विचारल्याशिवाय बाकीच्या बारांची उत्तरे नीट लागत नाहीत.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले. त्या दगडात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर. सह्याद्रीच्या दोन्ही बाजूंना दगड तोच, पण पाऊस वेगळा. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर आणि त्याहून अधिक पाऊस पडतो. त्याने दगड झिजताना सुटलेले कॅल्शियम धुऊन समुद्रात नेले, मागे लोह आणि ॲल्युमिनियम राहिले आणि जांभा तयार झाला. घाट ओलांडून पूर्वेला सोलापूर-अहिल्यानगरकडे आलो की पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो. तिथे कॅल्शियम कुठे जाणार? ते जमिनीतच राहिले, हवेतल्या आणि मुळांनी सोडलेल्या कर्ब वायूशी जोडले गेले आणि त्याचा चुना झाला. विहीर खणताना चार-पाच फुटांवर जे पांढरे, बोराएवढे खडे लागतात, ज्यांना आपण चुनखडी म्हणतो, ते याच चुन्याचे. मात्र नुसत्या डोळ्यांना दिसणारा चुना कमी उपद्रवी. काळ्या मातीत पिठासारखा मिसळून बसलेला, न दिसणारा चुना खरा त्रास देतो.

तो काय करतो ते सांगतो. चुना असलेल्या जमिनीचा सामू 8.2 च्या आसपास येऊन बसतो आणि तिथून हलायला तयार नसतो. खाली खेचण्यासाठी थोडे आम्ल घातले, तर चुना ते खाऊन टाकतो आणि सामू पुन्हा जागेवर येतो. सामू मोजण्याची पट्टी साधी नाही. प्रत्येक अंकाला आम्लता दहापटीने बदलते. त्यातही लोहाचे गणित फारच कडक आहे. सामू एका अंकाने वाढला की मातीच्या पाण्यात विरघळलेले मुक्त लोह हजारपट कमी होते. जस्त शंभरपट कमी होते.

एका हेक्टरमधली वरची 15 सेंटिमीटर माती साधारण 20 लाख किलो भरते. आपल्या काळ्या मातीत शेकडा 5 लोह धरले तरी त्या एवढ्याशा थरात 1 लाख किलो लोह असते. ऊस हे खादाड पीक, पण त्यालाही सबंध हंगामात हेक्टरी काही किलोच लोह लागते. म्हणजे कोठार भरलेले आहे आणि कुलूप चुन्याचे आहे. पत्रिका कोठारातून बाहेर सांडलेले दाणे मोजते, कुलपाचे नाव घेत नाही.

लोहाच्या चाचणीविषयी थोडे बोलायला हवे, कारण शेतकऱ्याचा सर्वांत मोठा गोंधळ इथेच होतो. पत्रिकेवरचे लोह, जस्त, तांबे आणि मँगनीज हे डीटीपीए नावाच्या द्रावणाने मोजतात. लिंडसे आणि नॉरवेल या दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1978 मध्ये ही पद्धत सविस्तर मांडली. माती या द्रावणात दोन तास हलवतात आणि द्रावणाचा सामू 7.3 वर बांधून ठेवलेला असतो. पद्धत उत्तम आहे, जस्तासाठी तर फारच विश्वासाची. पण बाटलीतला सामू 7.3 आणि शेतातल्या मुळाभोवतीचा 8.3, हा फरक लोहाच्या बाबतीत लहान नाही. लोहाची सर्वसाधारण मर्यादा किलोमागे 4.5 मिलिग्रॅम मानली जाते. बाटलीने 6 दाखवले की पत्रिकेवर 'पुरेसे' छापले जाते. आणि शेतात उसाचा खोडवा पिवळाधमक. आकडा खोटा नसतो. त्याच्या शेजारी चुन्याचा आकडा नसतो, म्हणून त्याचा अर्थ लागत नाही.

आता पिकाकडे या. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाची झड लागते, चार-सहा दिवस ऊन दिसत नाही आणि भारी जमिनीतला भुईमूग शेंड्याकडून पिवळा पडू लागतो. जवळ जाऊन पान हातात घ्यावे. सर्वांत वरचे, नुकते उलगडलेले पान. शिरा हिरव्या, शिरांच्या मधली जागा पिवळी आणि खालची जुनी पाने मात्र अजून हिरवीगार. ही लोहाची खूण आहे. लोह एकदा पानात बसले की तिथून नव्या पानाकडे सहसा जात नाही, म्हणून उपासमार नव्या पानावर दिसते. नत्राचे उलटे. झाड जुन्या पानातले नत्र काढून शेंड्याला देते, म्हणून नत्र कमी पडले तर पिवळेपणा खालून सुरू होतो. पिवळ्या पानाची ही वर-खाली ओळख शाळेत शिकवण्याइतकी सोपी आहे. ती नसल्यामुळे काय होते? पिवळे दिसले की युरिया. उसात केवडा पडला म्हणजे पाने पिवळी-पांढरी झाली, युरिया. भुईमूग पिवळा, युरिया. 45 किलोची युरियाची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते आणि 50 किलोच्या डीएपीला 1350 रुपये मोजावे लागतात. एवढा फरक असताना शेतकऱ्याचा हात युरियाकडे जाणारच. त्याला दोष देता येत नाही.

झडीत भुईमूग पिवळा पडतो आणि वाफसा आला की आपोआप सावरतो, हे आपल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले आहे. त्यामागेही चुनाच आहे. जमीन पाण्याने तुडुंब असली की मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कर्ब वायू बाहेर पडू शकत नाही. तो पाण्यात विरघळतो, चुना थोडा थोडा विरघळवतो आणि मातीच्या पाण्यात बायकार्बोनेट वाढते. भुईमूग, सोयाबीन, हरभरा, संत्रा या पिकांची मुळे लोह मिळवण्यासाठी स्वतः आम्ल सोडतात आणि गंजलेल्या रूपातले लोह घेण्याजोग्या रूपात आणतात. बायकार्बोनेट ते आम्ल तिथल्या तिथे मारून टाकते. गवत कुळातली पिके, म्हणजे ज्वारी, मका, ऊस, यांची रीत निराळी. त्यांची मुळे लोहाला धरून आणणारे द्रव्य मातीत पाझरवतात. ही गोष्ट जपानमधील ताकागी यांनी 1976 मध्ये भात आणि ओट यांच्या मुळांच्या धुवणात दाखवून दिली. उसाला ही सोय असूनही खोडव्यात केवडा दिसतो, कारण जुनी मुळे मरून नवी फुटेपर्यंत तो अर्धा उपाशी असतो. ज्या शेतात चुना कमी तिथे ही अडचण काही दिवसांची, ज्या शेतात जास्त तिथे उत्पादन खाणारी. पण कोणते शेत कोणत्या वर्गात, हे पत्रिका पाहून सांगता येत नाही.

उपाय आपल्याकडे आहेत आणि ते आपल्याच विद्यापीठांनी दिलेले आहेत. उसासाठी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी 25 किलो हिराकस (फेरस सल्फेट), 20 किलो झिंक सल्फेट, 10 किलो मँगनीज सल्फेट आणि 5 किलो बोरॅक्स अशी आहे. ही खते दहापट कुजलेल्या शेणखतात मिसळून पाच-सहा दिवस मुरवून द्यायची असतात. या शिफारशीचा प्राण 'शेणखतात मुरवून' या दोन शब्दांत आहे. नुसते हिराकस चुनखडीच्या जमिनीत टाकले तर त्यातले लोह थोड्याच काळात गंजून जमिनीतल्या लाखभर किलो लोहात मिसळून जाते. शेणखतातली सेंद्रिय द्रव्ये त्याला धरून ठेवतात, चुन्याच्या तावडीतून वाचवतात. दुकानातून हिराकस घेऊन गेलेल्या किती शेतकऱ्यांना हे सांगितले जाते? पत्रिकेवर किलो छापले जातात, कृती छापली जात नाही. चुन्याचा आकडा समोर असेल तर कृती सांगणे भागच पडेल. चुना जास्त असेल तिथे हिराकस शेणखताशिवाय देऊ नका, उभ्या पिकाला अर्ध्या टक्क्याच्या द्रावणाची फवारणी करा, असे एका ओळीत लिहिता येईल. फवारणीचा हा मार्ग फ्रान्समधल्या युसेब ग्री यांनी 1840 च्या दशकात दाखवला होता. पिवळ्या पानावर लोहाचे मीठ लावले आणि पान हिरवे झाले. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचे हे ज्ञान आपल्या बांधापर्यंत अजून पुरते पोहोचलेले नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

दुकानातल्या चिलेटबद्दलही, म्हणजे धरून ठेवणाऱ्या द्रव्यात बांधून विकल्या जाणाऱ्या लोहाबद्दलही लिहितो, कारण त्यात शेतकऱ्याचा बराच पैसा जातो. चिलेटेड लोह दोन प्रकारचे मिळते. ईडीटीएचे स्वस्त, ईडीडीएचएचे महाग. ईडीटीए फवारणीला ठीक आहे. पण चुनखडीच्या जमिनीत ठिबकमधून सोडले तर ते लोह सोडून कॅल्शियमला पकडते आणि लोह वाया जाते. सामू साडेसहाच्या पुढे गेला की त्याची पकड सैल होते. ईडीडीएचए सामू 9 पर्यंतही लोह सोडत नाही. डब्यावर दोन्हींना 'चिलेटेड' म्हणतात आणि द्राक्ष-डाळिंबाचा शेतकरी भाव पाहून पहिले घेतो. ज्याच्या जमिनीत चुना नाही त्याचे त्यात फारसे बिघडत नाही. ज्याच्या जमिनीत शेकडा 12 चुना आहे त्याने पैसे मातीत घातले.

गंधकाचेही तसेच. 'सामू कमी करा' म्हणून गंधकाच्या पिशव्या विकल्या जातात. हिशेब करून पाहू. जमिनीत शेकडा 10 मुक्त चुना असेल तर हेक्टरच्या वरच्या 15 सेंटिमीटरमध्ये 2 लाख किलो चुना झाला. 100 किलो चुना संपवायला 32 किलो गंधक लागते. म्हणजे सबंध थराचा चुना संपवायला 64 हजार किलो गंधक हवे. एकरी दहा-वीस किलो गंधकाने त्या जमिनीचा सामू बदलत नाही, बदलणार नाही. गंधक निरुपयोगी आहे असे मुळीच नाही. सोयाबीन, भुईमूग, सूर्यफूल, कांदा यांना ते अन्न म्हणून लागते. ओळीत, मुळांजवळ, शेणखताबरोबर दिले तर तेवढ्या चिमूटभर जागेत आम्लता निर्माण होऊन लोह, जस्त आणि स्फुरद थोडे मोकळे होते. चोपण जमिनीत, जिथे सोडियमने माती घट्ट करून टाकली आहे आणि चुनाही आहे, तिथे गंधकापासून तयार झालेले आम्ल त्या चुन्याचेच जिप्सम करते आणि सोडियमला बाहेर काढायला मदत होते. पण हे सारे निर्णय चुन्याच्या आकड्यावर अवलंबून आहेत आणि तो आकडा हातात नसताना ते घेतले जात आहेत.

स्फुरदाची गोष्ट थोडक्यात सांगतो. डीएपीचा दाणा ओल्या मातीत विरघळला की त्यातला स्फुरद दाण्यापासून काही मिलिमीटरच सरकतो, तोवर कॅल्शियम त्याला गाठते आणि हळूहळू दगडासारखे, न विरघळणारे संयुग बनवते. पहिल्या हंगामात पिकाला त्यातला लहान हिस्साच मिळतो. म्हणून खत फेकून देण्यापेक्षा दोन चाड्यांच्या पाभरीने बियाण्याच्या खाली पेरून देणे चुनखडीच्या जमिनीत फार महत्त्वाचे. शेतभर विखुरलेल्या दाण्याभोवती चारी बाजूंनी चुना, तर ओळीत पडलेल्या खताच्या पट्टीपर्यंत मूळ आधी पोहोचते. कोकणात याच स्फुरदाला लोह आणि ॲल्युमिनियम पकडतात. म्हणून तर प्रयोगशाळाही वेगळी पद्धत वापरते. तिकडे आम्लयुक्त ब्रे पद्धत, इकडे 1954 मध्ये ओल्सेन यांनी चुनखडीच्या जमिनीसाठी शोधलेली सोडियम बायकार्बोनेटची पद्धत. प्रयोगशाळेला ठाऊक आहे की जमीन चुनखडीची असू शकते. ती आपली पद्धत त्याप्रमाणे निवडते. मग शेतकऱ्याला तेच का कळू नये?

युरियावरही चुन्याचा परिणाम होतो. युरिया ओल्या मातीवर पडला की त्याचा अमोनियम होतो आणि सामू चढा असला की त्यातला काही भाग अमोनिया वायू होऊन हवेत जातो. उन्हाच्या दिवसांत, मातीवर नुसता फेकलेला आणि मागोमाग पाणी न दिलेला युरिया असेल तर नत्राचा चौथा हिस्सा, कधी त्याहून जास्त असा उडून जाऊ शकतो. 2015 पासून सगळ्या युरियावर निंबोळी तेलाचे आवरण सक्तीचे झाले. ते नत्राचे नायट्रेटमध्ये होणारे रूपांतर मंदावते, अमोनिया उडण्याला आळा घालत नाही. त्याला उपाय एकच, मातीआड करणे. स्वस्त युरियाचे धोरण दिल्लीत ठरते, त्यावर आपण बोलत आलो आहोत. पण विकत घेतलेला युरिया शेतातच राहावा, हे पत्रिकेवरच्या एका ओळीने साधणार असेल तर ते मुंबईहून करता येईल.

पिकांचा हंगाम चार महिन्यांचा, चूक पुढच्या वर्षी सुधारता येते. फळबागेत तसे नाही. संत्रा-मोसंबीची बाग पंचवीस-तीस वर्षांची असते आणि जमिनीत मुक्त चुना शेकडा 10 च्या वर असेल तर लिंबूवर्गीय फळझाडे लावू नयेत, असा सर्वसाधारण सल्ला आहे. थोडा चुना असेल तर खुंटाची निवड कामाला येते. विदर्भात जंबेरीचा खुंट रूढ आहे, पण चुना सहन करण्यात रंगपूर लाइम उजवा ठरला आहे. हे सारे कलम लावण्याआधी ठरवायचे असते. कित्येक बागा सहा-सात वर्षांच्या झाल्यावर पिवळ्या पडतात, कारण तेव्हा मुळे चुन्याच्या थरात उतरलेली असतात. काळ्या जमिनीत चुना खोलीबरोबर वाढत जातो. पत्रिकेचा नमुना मात्र वरच्या वीतभर मातीचा. म्हणून फळबागेचे अनुदान देताना तीन फुटांपर्यंतच्या प्रत्येक थराचा चुना मोजलेला असावा, ही माझ्या मागणीची पुरवणी समजावी. सरकारचा पैसा आणि शेतकऱ्याची उमेदीची वर्षे, दोन्ही त्यात गुंतलेली असतात.

चुना न मोजता बागा लावल्याचा मोठा धडा फ्रान्सने घेतलेला आहे. एकोणिसाव्या शतकात फिलोक्सेरा किडीने तिथले द्राक्षमळे उद्ध्वस्त केले, तेव्हा किडीला दाद न देणारे अमेरिकी खुंट आणून त्यावर कलमे केली. खडूसारख्या चुनखडीच्या जमिनीत, विशेषतः कोन्याकच्या भागात, ती कलमे पिवळी पडून मेली. 1887 मध्ये फ्रान्सच्या कृषी मंत्रालयाने पिएर विआला या तरुण शास्त्रज्ञाला चुना सोसणारा वेल शोधायला अमेरिकेत पाठवले. टेक्सासच्या चुनखडीच्या टेकड्यांवर त्यांना बर्लांदिएरी जातीचा रानवेल मिळाला. आज जगभरच्या चुनखडीच्या द्राक्षबागांत वापरले जाणारे अनेक खुंट त्याच्या संकरातून आलेले आहेत. आपल्याकडे नाशिक-सांगली-सोलापूरला डॉगरिज या खुंटाबरोबर 110 आर हा खुंट काही ठिकाणी दिसतो, तोही त्याच कुळातला. फ्रान्सने पुढे जमिनीतला 'क्रियाशील' म्हणजे बारीक कणांचा चुना मोजण्याची पद्धत बसवली आणि खुंट त्या आकड्यावरून निवडायला सुरुवात केली. एका मंत्रालयाने घेतलेल्या निर्णयाचे फळ सव्वाशे वर्षांनंतरही मिळते आहे.

सरकारच्या दोन कामांशी याचा थेट संबंध आहे, तोही लिहितो. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना 2017 मध्ये सुरू झाली. उथळ, मुरमाड जमिनीला तलावाचा गाळ हे वरदान आहे, यात शंका नाही. पण काही तलावांचा गाळ चुन्याने भरलेला असतो. टिपर भरण्याआधी त्यावर सौम्य आम्लाचे चार थेंब टाकून पाहायला दोन मिनिटे लागतात. फसफसून बुडबुडे आले तर तो गाळ तपासल्याशिवाय फळबागेत पसरू नये. दुसरे काम सपाटीकरणाचे. पोकलेनने उंचवटा कापला की खालचा चुन्याचा थर उघडा पडतो आणि त्या शेतात पुढची कित्येक वर्षे पिवळे ठिगळ दिसत राहते. काम चालू होण्याआधी खड्डा घेऊन पाहिला तर वरची काळी माती बाजूला काढून नंतर पसरता येते.

आता खर्चाचा प्रश्न. बोरॉन आणि जस्त मोजायला जी उपकरणे लागतात त्यांच्या मानाने चुना मोजणे म्हणजे काहीच नाही. मोजून घेतलेल्या मातीवर ठरावीक शक्तीचे हायड्रोक्लोरिक आम्ल ठरावीक प्रमाणात घालायचे, ढवळून ठेवायचे, आणि किती आम्ल शिल्लक राहिले ते अल्कलीने मोजायचे. जितके आम्ल खर्च झाले तितका चुना. ब्युरेट, पिपेट, दोन रसायने आणि एक माणूस. ही साधने प्रत्येक माती परीक्षण प्रयोगशाळेत आज आहेत. कृषी विद्यापीठांच्या प्रयोगशाळा हा आकडा देतात, बागायतदाराने मागितला तर खासगी प्रयोगशाळाही देतात. ज्याला मागायचे माहीत आहे त्याला तो मिळतो. कोरडवाहू सोयाबीन-तूर घेणाऱ्याला तो मागायचा असतो हेच माहीत नसते, आणि त्याचीच जमीन बहुधा चुन्याची असते.

पत्रिका केंद्राची, नमुना केंद्राचा, राज्य काय करणार, असे कोणी म्हणेल. राज्याने पत्रिकेला जोडपान द्यावे. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आपल्याकडे आहेत. त्यांनी आपापल्या भागासाठी चुन्याच्या आकड्याप्रमाणे खत कोणत्या रूपात, कुठे आणि कशाबरोबर द्यायचे याचा एका पानाचा तक्ता करून द्यावा. दापोलीच्या पानावर चुन्याचा आकडा बहुतेक शून्य येईल, आणि तिथे उलट चुना टाकण्याचा सल्ला लागेल. तीही कामाची माहिती आहे. नमुना घेण्याची पद्धतही या निमित्ताने पाहावी. योजनेच्या पहिल्या फेऱ्यांत कोरडवाहू भागात 10 हेक्टरला एक नमुना घेतला गेला. आपल्याकडे 10 हेक्टरमध्ये टेकाडावरची मुरमाड बरड, मधली मध्यम काळी आणि ओढ्याकाठची भारी, अशा तीन जमिनी सहज येतात आणि तिघींचा चुना वेगळा असतो. त्यांची सरासरी कोणत्याच शेताची नसते. जमिनीच्या प्रकाराप्रमाणे नमुने घ्यावेत.

वाचणाऱ्या शेतकऱ्यांनी जोडपानाची वाट पाहू नये, असे मला कळकळीने सांगायचे आहे. प्रयोगशाळेत नमुना देताना चिठ्ठीवर 'मुक्त चुना' असे स्वतः लिहून द्या. बोअरच्या पाण्याची तपासणी करताना बायकार्बोनेट विचारा. ठिबकच्या ड्रिपरवर जो पांढरा थर बसतो तो त्याचाच असतो, आणि तोच थर रोज थोडा थोडा जमिनीतही बसत असतो.

महोदय, नमुने उन्हाळ्यात, पीक निघून शेत मोकळे झाल्यावर घेतले जातात. येत्या हंगामातले नमुने गोळा होण्याआधी प्रयोगशाळांना चुना मोजण्याचा आदेश जावा आणि पत्रिकेसोबत तो आकडा शेतकऱ्याच्या हाती पडावा, ही आपल्याला विनंती आहे. त्यासाठी नवी योजना नको, नवी इमारत नको. एक परिपत्रक पुरेसे आहे, आणि ते आपल्या सहीने निघू शकते.

आपला नम्र,
माती तपासणारा एक कर्मचारी